घरप्रमुख बाहेर आहेत

घर नं. ४७, तोन खाम,
नान, थायलंड
११ जून २०१९

चि. अ‍ॅली यास,

पोर्टेसीच्या पत्त्यावर आशीर्वाद, आणि सोबत नेहमीची दटावणी. तुझं पत्र जेमतेम एका पानाचं, आणि त्यातलं अर्धं पान मांजरीवर खर्ची पडलेलं. मांजर बरी आहे हे कळलं. तुझा रक्तदाब किती आहे ते कळलं नाही. पुढच्या खेपेस मांजर एका ओळीत आटोपून टाक. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मध्येच उठून चहाचं आधण ठेवायला जातोस, म्हणून तर हा पत्रांचा घाट घातला. तेव्हा नीट लिहीत जा.

माझा डोळा उत्तम आहे. चिआंग मायच्या इस्पितळात आठ दिवस राहून मोतीबिंदू काढून आले. आता घरातली कोळिष्टकं मला लख्ख दिसतात आणि मी ती नुआनला दाखवून देते. त्यामुळे माझी दृष्टी सुधारल्याचा आनंद घरात सगळ्यांना सारखाच झाला आहे असं म्हणता येणार नाही.

नुआन कोण हे तू विसरला असशील. मी जिच्या घरी चार वर्षं राहते त्या माए चानफोंगची ती मुलगी. माए म्हणजे आई. सगळं गाव तिला तेच म्हणतं, मीही म्हणते. वय एक्याऐंशी, दात सात, आवाज आपल्या बंदरावरच्या भोंग्यासारखा. नुआन बावन्न वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, आणि मला पा म्हणते, म्हणजे मोठी मावशी. माए मला नोंग म्हणते, म्हणजे धाकटी. एकाहत्तराव्या वर्षी कुणाची तरी धाकटी व्हायला मिळणं काय असतं, ते तुझ्यासारख्या शेंडेफळाला समजायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. आम्हा परदेशी म्हाताऱ्यांना दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशन कचेरीत जाऊन आपण कुठे राहतो ते कळवावं लागतं. कॉफीच्या दुकानात जमणारे जर्मन आणि ऑस्ट्रेलियन यावर तासन्‌तास कुरकुरतात. एक जण तर म्हणाला, आम्ही काय सुटलेले कैदी आहोत? मी त्याला म्हटलं, तुला कैदेत ठेवायला कुणाला एवढा वेळ आहे? अडतीस वर्षं मी जन्म, मृत्यू आणि लग्नं नोंदवली. माणूस कुठे आहे ते त्याने वर्षातून चारदा स्वतःच्या तोंडाने सांगावं, यात मला अपमान दिसत नाही.

दुसरा नियम घरवाल्यांसाठी आहे. परदेशी माणूस मुक्कामाला आला, किंवा परगावी राहून परतला, की घरप्रमुखाने चोवीस तासांत तसं कळवायचं. मग एक चिठ्ठी मिळते, ती पासपोर्टात टाचतात. ती चिठ्ठी नसेल तर वर्षाचा मुक्काम वाढवून मिळत नाही. माझा मुक्काम वीस ऑगस्टला संपतो.

म्हणून चिआंग मायहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि नुआन कचेरीत गेलो. निळ्या पुठ्ठ्याच्या घरवहीत, म्हणजे घरातल्या माणसांच्या सरकारी नोंदवहीत, घरप्रमुख म्हणून सिंगखामचं नाव आहे. हा नुआनचा थोरला भाऊ. बाप गेल्यावर घर त्याच्या नावावर झालं. नुआनने नेहमीप्रमाणे फॉर्म भरला आणि खाली त्याची सही असलेला तो तसाच पुढे केला. आजवर तिथे एक वयस्कर अधिकारी बसायचे, ते वर न पाहता शिक्का मारायचे. आता त्यांच्या जागी एक तरुण अधिकारी बाई आल्या आहेत, केस घट्ट बांधलेल्या, पेन्सिल टोकदार. मला बघताक्षणीच आवडल्या. त्यांनी विचारलं, घरप्रमुख घरी असतात का, त्यांना आणता येईल का? नुआन म्हणाली, कामावर आहे तो. मग बाईंनी मला विचारलं, आजी, तुम्ही यांना ओळखता ना?

मी खरं ते सांगितलं. चार वर्षांत मी या गृहस्थांना पाहिलेलं नाही.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, मग एक तर घरप्रमुखांनी स्वतः यावं, नाहीतर घरवही दुरुस्त करून आणावी. तोवर चिठ्ठी मिळणार नाही.  घरी आल्यावर नुआनने माझ्यापुढे भात ठेवला, पण न बोलता. या घरात रागावून कुणी जेवण चुकवत नाही, त्यामुळे राग किती आहे याचा अंदाज येत नाही. सिंगखाम कामावर असेल तर त्याला दोन दिवसांची रजा काढून बोलवायला काय हरकत आहे, ते मला समजत नाही.

तुझी औषधं वेळेवर घे. जिव्हाळा कायम आहे, तो कागदावर मागायची वेळ आणू नकोस.

तुझी,
ग्रिझेल

---

पोर्टेसी, स्कॉटलंड
२८ जून २०१९

ती. रजिस्ट्रारबाईंच्या सेवेशी,

साष्टांग घालायची इच्छा फार आहे, पण गुडघे ऐकत नाहीत, म्हणून उभ्यानेच नमस्कार. रक्तदाब एकशे अठ्ठेचाळीस. मांजर ठीक. बघ, एकाच ओळीत दोघांना बसवलं.

तुझं पत्र तुझ्या भावजयीला, शोनाला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिच्या हातातला लोकरीचा टाका निसटला. म्हणाली, तुझी बहीण स्वर्गाच्या दारात गेली तरी आधी तिथल्या कारकुनाची वही तपासेल. मी म्हटलं, तपासेल, आणि चूक सापडली तर आत जाणार नाही.

पण ग्रिझेल, तू खरं बोललीस ते ठीक, तुला कुणी विचारलं होतं म्हणून बोललीस. तरी एक सांगतो. चार वर्षं ज्या घरात तू जेवतेस, त्या घरातला माणूस चार वर्षांत एकदाही दिसला नाही, आणि ते तुला कचेरीत उभं राहिल्यावर जाणवलं? कोळिष्टकं तेवढी दिसतात तुला. नुआनशी बोल. अधिकाऱ्यासारखी नको, मावशीसारखी बोल.

आणि नाहीच जमलं तर परत ये. मागची खोली रिकामी आहे. आईचं ड्रेसर मी खिडकीखाली सरकवलं आहे. तुमच्याकडे म्हणे २५६२ साल चालू आहे, म्हणजे आमच्यापुढे पाचशे त्रेचाळीस वर्षं, आणि अजून कागदावर शिक्के मारता! इथे तुझा पत्ता कुणीही विचारणार नाही. सगळ्यांना तो पाठ आहे.

मासे यंदा बरे आहेत. मी आता फक्त धक्क्यावर उभा राहून इतरांच्या जाळ्यांना नावं ठेवतो. काम हलकं आहे, पगार नाही.

ओढ आहे तशी राहू दे. रागावशील तर सविस्तर रागाव, म्हणजे पत्र लांबलचक येईल.

तुझा धाकटा,
अ‍ॅली

---

घर नं. ४७, तोन खाम, नान
१४ जुलै २०१९

चि. अ‍ॅली यास,

आशीर्वाद. दटावणी या वेळी नाही. तुझं म्हणणं बरोबर होतं, आणि हे वाक्य मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

तुझं पत्र यायच्या आधीच मी नुआनला विचारलं होतं. आम्ही दोघी लिचीच्या जुड्या बांधत होतो. हात कामात असले की ती बोलते. मी म्हटलं, तुझ्या भावाला एक निरोप धाडला तर? ती म्हणाली, पा, निरोप कुठे धाडू ते सांग, आत्ता धाडते.

अकरा वर्षांपूर्वी सिंगखाम दक्षिणेला गेला, मासेमारीच्या बोटीवर. डोंगरातला मुलगा, पोहायलाही येत नव्हतं. तीन महिन्यांनी कुठल्याशा बंदरावरून एक फोन आला. म्हणाला, उद्या निघतोय, लांब जायचंय, आल्यावर नवीन पत्रे घालू छपराला. त्यानंतर काहीच नाही. बोट बुडाली म्हणावं तर तशी बातमी नाही. त्याचा देह नाही, वस्तू नाही, त्याला पाहिलेला माणूस नाही. नुआन दोनदा दक्षिणेला जाऊन आली. बंदरावर तिला सांगितलं, ताई, इथून रोज इतके जातात, आम्ही कुणाकुणाची नावं ठेवायची?

तेव्हापासून सरकारी कागदावर त्याची सही नुआन करते. माझ्या चारही वर्षांच्या चिठ्ठ्यांवरची सही तिचीच. म्हणजे मी, ग्रिझेल, जिने एका चुकीच्या तारखेसाठी लग्नाची वरात अर्धा तास थांबवली, ती चार वर्षं खोट्या सहीवर या देशात राहते आहे.

मी नुआनला घेऊन त्या अधिकारी बाईंकडे पुन्हा गेले. सगळं सांगितलं. सहीचंही सांगितलं. नुआनने डोळे मिटून घेतले होते. बाई म्हणाल्या, सही मी पाहिलेली नाही, फॉर्म तुम्ही परत घेऊन गेला होता. पुढचं बोला. माणूस कडक असून वाईट नसतो, हे मी तुला कधीपासून सांगते आहे.

त्यांनी रस्ता सांगितला. ज्याचा ठावठिकाणा सहा महिने लागत नाही त्याचं नाव तालुक्याच्या कचेरीत घरवहीतून काढून एका वेगळ्या वहीत नेतात. जे कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही, अशा लोकांची ती वही. मग माए घरप्रमुख होईल, तिची सही चालेल, माझी चिठ्ठी होईल. एका दुपारचं काम. कुणी सिंगखामला मेलेला म्हणत नाही. मला ते अगदी वाजवी वाटलं. घरी येऊन मी माएला ते नीट, सावकाश समजावलं, नुआनने तिच्या बोलीत सांगितलं.

माए पानाला चुना लावत होती. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, नोंग, त्या वहीला दार आहे का? मला प्रश्न समजला नाही. ती म्हणाली, घरवहीत घराचा नंबर आहे, घराला दार आहे, दारापुढे जिना आहे. तो परत आला तर इथे येईल. त्या दुसऱ्या वहीत टाकलास तर तो येईल कुठे?



नंतर तिने मला हाताने खूण केली, जेव, म्हणून. मीही न बोलता जेवले. इथली रीत मला आता येते.

मी ठरवलं आहे की मी जाते. चिआंग मायला परदेशी लोकांच्या इमारती आहेत, तिथला व्यवस्थापक सगळ्यांची नोंद स्वतः करतो, विचारावंही लागत नाही. माझ्यासाठी कुणी आपल्या मुलाचं नाव हलवावं, इतकी मी मोठी नाही. दोन पेट्या भरल्या आहेत. नुआन पेट्यांकडे बघते आणि मुद्दाम त्यांच्यावर धुतलेले कपडे ठेवते. म्हणते, पा, जागा रिकामी होती म्हणून ठेवले.

तुला १९७५ आठवत असेल. मतदारांचा फॉर्म, दर दहा ऑक्टोबरला घरात कोण राहतं ते लिहून द्यायचा. आपल्या यूअनची बोट बुडून दोन वर्षं झाली होती, समुद्रातल्या मृत्यूंच्या नोंदीत त्याचं नाव चढलं होतं, ते मी स्वतः पाहिलं होतं. तरी आईने ऑक्टोबरच्या फॉर्मवर घरातल्यांच्या नावांत आपल्या या मुलाचं नाव लिहिलं. मी पट्टी घेतली, लाल शाई घेतली, आणि रेघ मारली. मग दुसरा फॉर्म आणून स्वच्छ लिहिला आणि पाठवला.  माझी चूक नव्हती. आजही मी तेच केलं असतं, असं मी काल रात्रीपर्यंत म्हणत होते.

तुझ्या तब्येतीला जप. माया होती तेवढी आहे, मागितलीस तर थोडी वाढवूनही मिळेल.

तुझी,
ग्रिझेल

---

पोर्टेसी
२६ जुलै २०१९

प्रिय ग्रिझेल,

आज नमस्कार साधाच. तुझं पत्र सकाळी आलं. मी ते घेऊन धक्क्यावर गेलो, परत आलो, शोनाला दिलं. तिने वाचून चष्मा काढला आणि म्हणाली, तिला आता सांग, अ‍ॅली. नाहीतर मी लिहिते.

तर सांगतो. एकवीस वर्षं झाली, आई गेली त्या उन्हाळ्यात मी घर आवरत होतो. तू चार दिवस येऊन कपाटं, भांडी, कागद यांच्या याद्या करून गेलीस. ड्रेसरचा खालचा खण मात्र अडकला होता, तो मी तू गेल्यावर उघडला. त्यात टेबलावरच्या कापडाखाली तो फॉर्म होता. तुझ्या लाल रेघेचा. तू नवा पाठवलास, हा तिने ठेवला.

मी तो उलटा करून पाहिला. मागे पेन्सिलीने ओळी आहेत. पहिली, १० ऑक्टोबर १९७६: यूअन बाहेर आहे. दुसरी, १० ऑक्टोबर १९७७: यूअन बाहेर आहे. दरवर्षी एक. शेवटची १९९७ ची. एकूण बावीस. शेवटच्या तीन-चार ओळींत अक्षर थरथरलं आहे, पण तारीख एकदाही चुकलेली नाही. तुझीच आई ती.

मी तुला सांगितलं नाही. का, ते तुला माहीत आहे. तू म्हणाली असतीस की मृत्यूची नोंद झालेली असताना असं लिहिणं बरोबर नाही. आणि मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी एकोणीस वर्षांचा होतो जेव्हा तू ती रेघ मारलीस. मी चुलीशी बसलो होतो. मला वाटलं, ग्रिझेलचं बरोबर आहे, आणि मला वाटलं, मी हिला कधी माफ करणार नाही. दोन्ही एकदमच वाटलं. दुसरं केव्हा निघून गेलं ते लक्षात नाही, पण गेलं. हे लिहून ठेवतो, म्हणजे तू विचारत बसणार नाहीस.

आई खुळी नव्हती. यूअन गेला हे तिला तुझ्याइतकंच ठाऊक होतं. सोळा माणसांची बोट होती, तिने बाकीच्या पंधरा घरांत जाऊन चहा केला होता. पण तुझ्या फॉर्मवर दोनच जागा होत्या, घरात राहतो किंवा राहत नाही. तिला हवी होती ती जागा छापलेली नव्हती. म्हणून ती मागच्या बाजूला लिहीत राहिली.

आता तू पेट्या भरते आहेस. रजिस्ट्रारबाई, तुम्ही अडतीस वर्षं नियम वाचले. तुमच्या त्या माएसाठी एकदा कागद उलटा करून बघा. मग हवं तर जा. मागची खोली आहेच.

तुझा,
अ‍ॅली

---

घर नं. ४७, तोन खाम,
द्वारा माए चानफोंग, घर सांभाळणारी
(घरप्रमुख बाहेर आहेत),
नान
२१ ऑगस्ट २०१९

चि. अ‍ॅली यास,

आशीर्वाद. वरचा पत्ता नीट उतरवून घे. तो आता सरकारी आहे.

तुझं पत्र सहा तारखेला मिळालं. त्या दिवशी मी काहीच केलं नाही. नुआनने विचारलं, पा, डोळा दुखतो का? मी हो म्हटलं. हे खोटं होतं, आणि त्याची नोंद मी इथे करते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात बसले होते. अंगणाच्या कोपऱ्यात खांबावर एक छोटं लाकडी घर आहे, जागेच्या राखणदार देवाचं. इथे प्रत्येक घरापुढे असतं. कुणी मुक्कामाला आलं की त्या देवाला सांगायचं असतं, कोण, कुठून, किती दिवस. मी आले तेव्हा माएने तासाभरात उदबत्ती लावून माझी वर्दी दिली होती. सरकारचे चोवीस तास तिला कधी लागले नाहीत. रोज संध्याकाळी ती तिथे उभी राहून काहीतरी पुटपुटते. चार वर्षं मी समजत होते की ही तिची प्रार्थना. तिची डोंगरी बोली मला धड कळत नाही. त्या दिवशी मी नुआनला विचारलं, ती रोज काय म्हणते?

नुआन म्हणाली, प्रार्थना कसली पा, हजेरी देते ती. नुआन आली. परदेशी धाकटी आली. कोंबड्या आत आहेत. सिंगखाम बाहेर आहे.

अ‍ॅली, त्या बाईने अकरा वर्षांत एकदाही चुकीची नोंद केलेली नाही. खोटं फक्त आमच्या फॉर्मवर होतं. ते काढायचं तर सिंगखामला हलवायची गरज नव्हती. माए जे देवाला रोज सांगते तेच कचेरीत सांगायला जागा हवी होती.

मी घरवही मागितली आणि खरोखरच उलटी केली. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात सूचना छापल्या आहेत. त्या कुणी वाचत नाही. नुआनने तर त्यातल्या एका पानावर मसाल्याचा डाग पाडला होता. मी तिला चष्मा दिला आणि म्हटलं, पहिल्या शब्दापासून वाच. ती वाचत गेली, मी लिहीत गेले. सातवी सूचना अशी, की घरप्रमुख हजर नसेल तर त्या वेळी जो घर सांभाळतो त्याला घरप्रमुख समजावं. बस. नाव काढायचं नाही, दुसऱ्या वहीत न्यायचं नाही. नुआन दोनदा वाचून म्हणाली, पा, ही ओळ इथेच होती? मी म्हटलं, इथेच होती, तुझ्या मसाल्याखाली.

माएला समजावताना मी या वेळी अधिकाऱ्यासारखं बोलले नाही. मी तिला आपल्या आईच्या बावीस ओळींचं सांगितलं, आणि लाल रेघेचंही सांगितलं. रेघ मी मारली होती हे सांगितल्यावर नुआन माझ्याकडे बघत राहिली आणि मग हळू आवाजात तिने ते आईच्या बोलीत सांगितलं. माए पान चघळायची थांबली. म्हणाली, तुझी आई शहाणी होती. मग थोड्या वेळाने म्हणाली, तू तरुण होतीस. एवढंच. मग म्हणाली, उद्या सकाळी न्या मला, नेसायचं इस्त्रीचं काढ.

ती कचेरीत पहिल्यांदाच आली. घरवही रेशमी फडक्यात बांधून पोटाशी धरलेली, बरोबर चिकट भाताची पुरचुंडी, कारण सरकारी काम म्हणजे दिवस जाणार असा तिचा हिशेब. तिच्या आवाजाने रांगेतले सगळे वळून बघत होते. एक जर्मन तर उठून उभा राहिला.

मी अधिकारी बाईंपुढे सातव्या सूचनेवर बोट ठेवलं. बाईंनी ती वाचली, मागच्या कपाटातून एक जाड पुस्तक काढून ताडून पाहिली, आणि मान हलवली. म्हणाल्या, हे चालतं, मलाही ठाऊक नव्हतं. मग नियमाप्रमाणे त्यांनी माएला विचारलं, घरप्रमुख कुठे आहेत? नुआन उत्तर द्यायला पुढे झाली. माएने तिला हाताने मागे सारलं.

म्हणाली, बाहेर आहे. बोटीवर गेला. अकरा वर्षं झाली.

सगळी कचेरी ऐकत होती. बाईंनी ते शब्द फॉर्मवर जसेच्या तसे लिहिले. नुआनने समोरून वाचून मला सांगितलं. खाली माएने सही केली, स्वतःच्या नावाने. तिला तेवढंच लिहिता येतं, आणि त्याला तिला पुष्कळ वेळ लागला. कुणी घाई केली नाही. शिक्का बसला. चिठ्ठी माझ्या पासपोर्टात टाचली गेली.

आम्ही उठलो. माए उठली नाही. तिने विचारलं, तो आला की किती वेळात कळवायचं?

आता नियम असा आहे, अ‍ॅली, की घरचा माणूस घरी आला तर तसं कळवायची काही गरज नसते. तो नियम परदेशी लोकांसाठी आहे. हे मला माहीत होतं, आणि त्या बाईंना तर माहीत होतंच. मी तोंड उघडलं नाही. बाईंनी पेन्सिल ठेवली, दोन्ही हात जोडले, आणि माएच्या बोलीत म्हणाल्या, चोवीस तासांत, आजी. सुट्टी असली तरी या. मी दार उघडेन.

माए म्हणाली, चोवीस कशाला, त्याच तासाला येईन.

परवा माझा मुक्काम एक वर्षाने वाढला. पेट्या रिकाम्या केल्या. नुआनने तिचे कपडे उचलले, आणि म्हणाली, बरं झालं पा, ठेवायला जागा दुसरी नव्हतीच.

चिठ्ठी मिळाली त्या संध्याकाळी माए हजेरी द्यायला निघाली, तेव्हा मलाही बोलावलं. उदबत्ती माझ्या हातात दिली आणि विचारलं, नोंग, तुझं कुणी बाहेर आहे का?

मी नाव सांगितलं.

तेव्हापासून ती रोज सांगते. नुआन आली. परदेशी धाकटी आली. कोंबड्या आत आहेत. सिंगखाम बाहेर आहे. यूअन बाहेर आहे. नावाचा उच्चार ती पार वेगळा करते. मी दुरुस्त केलेला नाही.

तो फॉर्म मला पाठव. रजिस्टर पोस्टाने, घडी न घालता, दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून. पेन्सिल अजून टोकदार आहे, आणि मागच्या बाजूला आईनंतरच्या एकवीस ऑक्टोबरांची जागा शिल्लक असेल तर बघते. नसेल तर वेगळा कागद जोडीन.

शोनाला नमस्कार. मांजरीवर हवं तेवढं लिहीत जा. तू त्या दिवशी चुलीशी बसला होतास, हे मी तेव्हा पाहिलं होतं. तेव्हा विचारायला हवं होतं.

माझ्यावरचा तुझा लोभ माफीनंतरचा आहे हे आता कळलं. तो तसाच चालू राहू दे. पत्ता वर दिलेला आहे.

तुझी,
ग्रिझेल